रेणू पाण्यात उतरवताना: द्रावकाचं गणित पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

"सर, माझा प्रोटॉन पळाला."

गेल्या पावसाळ्यातली रविवारची सकाळ. नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या घराच्या माडीवर दर रविवारी सात-आठ जण लॅपटॉप घेऊन बसतात. काही एमएस्सीची मुलं, काही सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरी करणारी. त्यातल्या एका मुलीनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिनं संगणकावर ग्लायसीन, म्हणजे सर्वांत साधं अमिनो आम्ल, बांधलं होतं, पुस्तकात दाखवतात तसंच: एका टोकाला नायट्रोजनवर तीन हायड्रोजन आणि धनभार, दुसऱ्या टोकाला कार्बोक्झिलेट, म्हणजे प्रोटॉन सुटलेला आम्लगट, आणि ऋणभार. सर्वांत कमी ऊर्जेची रचना शोधायचं गणित लावून ती चहा घ्यायला खाली गेली. परत येऊन पाहते तर नायट्रोजनवर दोनच हायड्रोजन. तिसरा ऑक्सिजनवर जाऊन बसलेला.

तिला वाटलं, इनपुटमध्ये काहीतरी चुकलं. चुकलं काहीच नव्हतं. तिनं प्रोग्रामला एकटा रेणू दिला होता, भोवती निर्वात. निर्वातात ग्लायसीन खरोखरच असं असतं. वायुरूप ग्लायसीनचा मायक्रोवेव्ह वर्णपट १९७८ साली मिळाला, तेव्हा त्यातही हे भाररहित रूपच दिसलं. पाण्यात मात्र दोन भारांचं रूप ऊर्जेत सुमारे ७ किलोकॅलरी प्रति मोल इतकं खाली असतं. दहा अणूंचा तोच रेणू, पण भोवती पाणी आहे की नाही यावर त्याची रचनाच बदलते.

आपली बहुतेक रसायनं द्रवात घडतात आणि आपले प्रोग्राम मात्र, काही सांगितलं नाही तर, रेणूला निर्वातात धरतात. मग कुणीतरी सांगतं, "अरे, सॉल्व्हंटचा, म्हणजे द्रावकाचा, कीवर्ड टाक." मुलं टाकतात, आकडा बदलतो, आणि काम झालं असं वाटतं. मला इथं थांबवायचं आहे. कीवर्ड टाकण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: हा द्रावक माझ्या रेणूशी लांबून वागतोय, की त्याचा हात धरून उभा आहे? पुढच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतात.

दुतोंड्या मारुती आणि पायरीवरचा माणूस

गोदेला पूर आला की नाशिककर काय विचारतात? "दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं?" कमरेला, छातीला, की डोक्यावरून गेलं. एवढ्या एका खुणेवरून गंगापूर धरणातून किती पाणी सोडलं असेल, सराफ बाजाराला धोका आहे का, याचा अंदाज सगळ्या गावाला येतो. कुणी थेंब मोजत नाही आणि मोजायची गरजही नसते.

द्रावकाची जी सर्वांत वापरातली मॉडेलं आहेत ती असंच करतात. पाण्याचे सुटे रेणू विसरा, त्याऐवजी रेणूभोवती एकसंध माध्यम आहे असं माना, आणि त्या माध्यमाची ओळख एका आकड्यानं ठेवा: डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे ते माध्यम विद्युत भारांचा जोर किती कमी करतं याचं माप. पाण्याचा ७८.४, मिथेनॉलचा ३२.६, क्लोरोफॉर्मचा ४.७, हेक्झेनचा १.९. रेणूच्या अंगाबरोबर त्या माध्यमात एक पोकळी कोरायची, म्हणजे प्रत्येक अणूभोवती त्याच्या व्हॅन डर वाल्स त्रिज्येपेक्षा थोडा मोठा गोल घ्यायचा आणि सगळे गोल एकत्र करायचे. रेणूच्या भारांमुळे माध्यमाचं ध्रुवीकरण होतं, पोकळीच्या भिंतीवर उलटे भार जमतात, आणि ते भार परत रेणूच्या इलेक्ट्रॉनांना ओढतात. दोघांचं जमेपर्यंत प्रोग्राम फेऱ्या मारतो.

मूळ कल्पना जुनी आहे. माक्स बॉर्न यांनी १९२० मध्ये गोल आयनासाठी सूत्र दिलं. लार्स ऑन्सेगर यांनी १९३६ मध्ये द्विध्रुवासाठी विचार केला. रेणूच्या खऱ्या आकाराची पोकळी घेऊन क्वांटम गणिताशी जोडणारं मॉडेल १९८१ मध्ये इटलीतल्या पिसा इथं याकोपो तोमासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं. तेच आजचं पीसीएम, म्हणजे ध्रुवीकरण होणाऱ्या एकसंध माध्यमाचं मॉडेल. कॉसमो १९९३ मधलं, एसएमडी २००९ मधलं. नावं बरीच, घराणं एकच.

आता रामकुंडाच्या पायरीवर, गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचा विचार करा. त्याला मारुतीच्या कमरेचा आकडा पुरत नाही. त्याच्या पायाला नेमका कुठून रेटा बसतोय, हेच त्याला कळायला हवं. रेणूवरही अशा जागा असतात. कार्बोक्झिलेटचा ऑक्सिजन, अमोनियमचा हायड्रोजन, हायड्रॉक्साइड. तिथं पाण्याचे दोन-तीन रेणू ठरावीक दिशेनं हायड्रोजन बंध करून चिकटलेले असतात, आणि सरासरी माध्यमातून हे बंध पूर्णपणे उतरत नाहीत. तिथं पाण्याचे खरे रेणू ठेवावे लागतात.

सामान कुठलं लागतं

साधा लॅपटॉप पुरतो. आठ कोअर आणि १६ जीबी रॅम असेल तर इथली सगळी उदाहरणं आरामात होतात. रेणू बांधायला अ‍ॅव्होगॅड्रो, झटपट अंदाजाला एक्सटीबी, खऱ्या गणिताला ओर्का. पहिली दोन मुक्त आहेत. ओर्का शैक्षणिक कामासाठी विनामूल्य आहे. कारखान्यात नोकरी करणाऱ्यांनी हे नीट वाचावं: कंपनीच्या कामासाठी ओर्काचा वेगळा, पैसे भरून घ्यायचा परवाना लागतो. कॉलेजच्या मेलवरून घेतलेली प्रत कंपनीच्या प्रकल्पाला वापरू नका. तिथं परवाना नसेल तर साय-फोर किंवा पायएससीएफ ही मुक्त साधनं आहेत. विद्यापीठाच्या सर्व्हरवर गॉसियन मिळत असेल तर उत्तमच.

पहिली पायरी: प्रोटॉन पळताना स्वतः पाहा

वाचून सोडू नका, करून पाहा. अ‍ॅव्होगॅड्रोत दोन भारांचं ग्लायसीन बांधा. एकूण भार शून्य, मल्टिप्लिसिटी एक, म्हणजे सगळे इलेक्ट्रॉन जोडीत. बी३एलवायपी फंक्शनल (इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काढायचं सूत्र), डी३ किंवा डी४ डिस्पर्शन दुरुस्ती (विखुरणाच्या आकर्षणासाठी) आणि डेफ२-टीझेडव्हीपी बेसिस सेट (इलेक्ट्रॉनांचा पसारा मांडायची गणिती फलनं) घेऊन निर्वातात भूमिती ऑप्टिमाइझ करा, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेची रचना शोधा. काम संपल्यावर शेवटचीच रचना बघू नका, मधल्या सगळ्या रचना एकामागून एक चालवून बघा. नायट्रोजन-हायड्रोजन अंतर हळूहळू वाढतं, प्रोटॉन मध्ये येतो, आणि पलीकडे जाऊन बसतो. वाटेत कुठलाही अडथळा नसतो, म्हणून ऑप्टिमायझरला थांबायला जागाच सापडत नाही.

आता तीच सुरुवातीची फाइल घ्या. ओर्कात उद्गारचिन्हानं सुरू होणाऱ्या ओळीत सीपीसीएम (पीसीएमचाच एक प्रकार) लिहा आणि त्याला जोडून कंसात द्रावकाचं इंग्रजी नाव. गॉसियनमध्ये हेच काम एससीआरएफ कीवर्ड करतो. तिथं एक सांभाळा: एससीआरएफ लिहून द्रावकाचं नाव विसरलात तर गॉसियन पाणी धरून चालतो. टोल्युइनमधली अभिक्रिया पाण्यात केल्याचं प्रबंध टाइप करताना लक्षात आलेलं मी पाहिलं आहे, आणि त्या मुलाचा सबंध महिना त्यात गेला होता.

या वेळी प्रोटॉन नायट्रोजनवर टिकतो. आउटपुटमध्ये द्विध्रुव आघूर्ण, म्हणजे धन आणि ऋण भार किती विभागले गेलेत याचं माप, पाहा, ते १० डिबायच्या पुढे गेलेलं दिसेल. तेवढ्या मोठ्या द्विध्रुवाला माध्यम सावरून धरतं, म्हणून रचना टिकते. यातून कामाचा एक नियमही मिळतो. साध्या, भार नसलेल्या, ताठ रेणूची भूमिती निर्वातात काढून पुढे फक्त ऊर्जा द्रावकात काढली तरी फारसं बिघडत नाही. पण झ्विटर-आयन (ग्लायसीनसारखं दोन भारांचं रूप), आयनांच्या जोड्या, भार वेगळे होत जाणारी संक्रमण अवस्था, यांची भूमिती सुरुवातीपासून द्रावकातच काढायची. निर्वातात ती तुम्हाला मिळणारच नाही, किंवा मिळेल ती भलतीच असेल.

द्रावकात ऑप्टिमाइझ केलेल्या रचनेच्या फ्रिक्वेन्सीही, म्हणजे अणूंच्या कंपनांच्या वारंवारताही, त्याच द्रावकात काढायच्या. हे सांगावं लागतं, कारण दर वर्षी कुणीतरी एकजण त्या निर्वातात काढतो.

दुसरी पायरी: आकड्याचा अर्थ समजून घ्या

अंबडला नोकरी करणारा एक मुलगा एका ऋणभारित न्यूक्लिओफाइलची, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन बंध करणाऱ्या आयनाची, अभिक्रिया तपासत होता. मिथेनॉलमध्ये करायची की अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये, हे ठरवायचं होतं. त्यानं दोन्ही द्रावकं पीसीएममध्ये टाकून पाहिली. अभिक्रियेला ओलांडाव्या लागणाऱ्या ऊर्जेच्या अडथळ्याची उंची जवळपास सारखीच आली. "काही फरक नाही" असं कळवायचा मेल त्यानं लिहूनही ठेवला होता.

त्याला मी कागद-पेन घ्यायला लावलं. बॉर्नच्या सूत्रात आयनाला मिळणारं स्थैर्य एका गुणकावर ठरतं: एक उणे डायइलेक्ट्रिक स्थिरांकाचा व्यस्त. हेक्झेनसाठी तो ०.४७ येतो. टीएचएफसाठी, ज्याचा स्थिरांक ७.४ आहे, ०.८७. अ‍ॅसिटोनसाठी ०.९५. मिथेनॉल ०.९६९, अ‍ॅसिटोनायट्राइल ०.९७२, पाणी ०.९८७. हे आकडे एकाखाली एक लिहून बघा. हेक्झेनपासून टीएचएफपर्यंत मोठी उडी आहे, आणि अ‍ॅसिटोनपासून पाण्यापर्यंत जवळजवळ काहीच नाही. स्थिरांक २० वरून ७८ वर गेला तरी माध्यमाला देण्यासारखं फार उरलेलं नसतं.

म्हणजे निव्वळ विद्युत माध्यमाच्या नजरेत मिथेनॉल आणि अ‍ॅसिटोनायट्राइल एकच. प्रयोगशाळेत मात्र ऋणभारित न्यूक्लिओफाइलच्या एसएन२ अभिक्रिया (जिथं तो दुसऱ्या गटाला हटवून त्याची जागा घेतो) अ‍ॅसिटोनायट्राइल, डीएमएसओ, डीएमएफ यांत मिथेनॉलपेक्षा हजारो पटींनीही वेगानं जातात, कारण मिथेनॉल आपल्या हायड्रोजननं ऋणायनाला धरून ठेवतो. अ‍ॅसिटोनायट्राइलकडे तसा हायड्रोजन नाही. त्या मुलाचं गणित बरोबर होतं, पण त्यानं मॉडेलला जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर त्या मॉडेलकडे नव्हतं. मेल त्यानं पाठवला नाही.

एसएमडी इथं थोडी मदत करतं. त्यात डायइलेक्ट्रिक स्थिरांकाशिवाय द्रावकाची हायड्रोजन बंधातली आम्लता, अल्कता, पृष्ठताण, अपवर्तनांक हेही घेतलेलं असतं. पोकळी तयार करायला लागणारी ऊर्जा, द्रावकाच्या रेणूंची फेररचना, विखुरणाचं आकर्षण, हे सगळं त्यातल्या एका वेगळ्या पदात येतं. ओर्काच्या आउटपुटमध्ये ते एसएमडी-सीडीएस नावानं छापलेलं दिसेल. म्हणून विद्राव्यतेची किंवा विभाजनाची मुक्त ऊर्जा हवी असेल तेव्हा मी साध्या सीपीसीएमपेक्षा एसएमडीच सुचवतो. ओर्कात त्यासाठी टक्केचिन्हानं सुरू होणारा सीपीसीएमचा ब्लॉक लिहून त्यात एसएमडी चालू करायचं आणि द्रावकाचं नाव द्यायचं. तरीही मिथेनॉलनं ऋणायनाला घट्ट धरलं असेल तर मिथेनॉलचे एक-दोन खरे रेणू ठेवूनच बघायला हवं.

तिसरी पायरी: आधी माहीत असलेलं उत्तर काढून दाखवा

नवा ताजवा घेतल्यावर दुकानदार आधी त्यावर माहीत असलेलं वजन ठेवतो. आपल्या गणिताचंही तसंच करा. पाच लहान रेणूंची पाण्यातली विद्रावण मुक्त ऊर्जा, म्हणजे रेणू वायूतून पाण्यात नेताना मुक्त ऊर्जेत होणारा बदल, काढा. प्रयोगातून मिळालेले आकडे, किलोकॅलरी प्रति मोलमध्ये, असे आहेत: पाणी स्वतः उणे ६.३, मिथेनॉल उणे ५.१, अ‍ॅसिटिक आम्ल उणे ६.७, बेंझीन उणे ०.९, आणि मिथेन अधिक २.०.

पद्धत सोपी आहे. एकाच भूमितीवर, एकाच फंक्शनलनं, एकाच बेसिस सेटनं दोन ऊर्जा काढायच्या: एक निर्वातात, एक एसएमडी पाण्यात. वजाबाकी करायची आणि हार्ट्रीला ६२७.५ नं गुणायचं. बस. दोन गणितांत बेसिस सेट वेगळा झाला तर वजाबाकीत त्या बेसिस सेटचा फरकच जास्त येतो, द्रावकाचा कुठेच दिसत नाही.

मिथेनचं चिन्ह अधिक येतंय का, हे मी सर्वांत आधी बघतो. मिथेनला पाण्यात जायचं नाही, कारण त्याच्यासाठी पाण्याला जागा करावी लागते आणि त्याबदल्यात मिथेन फारसं काही देत नाही. साध्या सीपीसीएमनं केलंत तर ते अधिक चिन्ह दिसणार नाही, कारण त्यात पोकळी कोरायची किंमत नसते. मिसळीच्या वाटीत तर्री वर तरंगते आणि तिखटाचा लाल रंग तेलातच उतरतो, खालच्या रश्श्याच्या पाण्यात फारसा जात नाही. त्यामागेही हाच हिशेब आहे. तो डायइलेक्ट्रिक स्थिरांकाच्या एका आकड्यात मावत नाही.

चूक किती येऊ शकते, हेही आधी ठरवून ठेवा. एसएमडी २८२१ प्रायोगिक आकड्यांवर बेतलेलं आहे. भार नसलेल्या रेणूंसाठी त्याची सरासरी चूक ०.६ ते १ किलोकॅलरी, आयनांसाठी सुमारे ४. हा दुसरा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

चौथी पायरी: द्राक्षाचं आम्ल आणि त्याच्या बसण्याच्या तऱ्हा

आमच्याकडे उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव भागात द्राक्षं पिकतात आणि द्राक्षाचं खास आम्ल म्हणजे टार्टारिक. सोळा अणूंचा रेणू, दोन कार्बोक्झिल, दोन हायड्रॉक्सिल. मधल्या आणि टोकाच्या बंधांभोवती तो वळतो, त्यामुळे त्याच्या बसण्याच्या तऱ्हा, म्हणजे कॉन्फॉर्मर, पुष्कळ.

एका मुलानं एकच रचना हातानं बांधली, निर्वातात उतरवली आणि तीच पाण्यात नेली. निर्वातात रेणूला बोलायला दुसरं कुणी नसतं, म्हणून तो स्वतःशीच हायड्रोजन बंध करतो, अंग चोरून बसतो. पाण्यात उतरल्यावर तेच हायड्रॉक्सिल बाहेरच्या पाण्याशी बंध करू शकतात, त्यामुळे आतले बंध सोडून उघडून बसणंही परवडतं. निर्वातातली सर्वांत खालची रचना पाण्यातही सर्वांत खाली असेल, असं धरून चालता येत नाही.

म्हणून कॉन्फॉर्मरचा शोधच द्रावकात घ्या. क्रेस्ट हा प्रोग्राम एक्सटीबीच्या आधारानं हे करतो, आणि त्यात एएलपीबी नावाचं हलकं द्रावक मॉडेल चालू करता येतं. तासाभरात डझनभर रचना मिळतात. त्यातल्या खालच्या ५-६ किलोकॅलरीतल्या सगळ्या रचना उचला, प्रत्येक डीएफटीनं (म्हणजे वरच्या फंक्शनलच्या पद्धतीनं) एसएमडी पाण्यात ऑप्टिमाइझ करा आणि मग नव्यानं क्रम लावा. एक्सटीबीचा क्रम जसाच्या तसा मानू नका; ती चाळणी आहे, त्यावर तराजूचं काम सोपवू नये. हा टप्पा कंटाळवाणा असतो आणि सगळे तोच गाळतात. नंतरच्या निम्म्या भांडणांचं मूळ इथंच असतं, हे मी अनुभवानं सांगतो.

वाइन बनवणाऱ्या कुणी विचारलं, की बारा-तेरा टक्के अल्कोहोल आहे तर द्रावक काय धरू, तर मी पाणीच धरायला सांगतो. मिश्रणासाठी सरासरी स्थिरांक देता येतो, पण त्यानं मिळणारा फरक मॉडेलच्या चुकीपेक्षा लहान असतो. शिवाय मिश्रणात रेणू आपल्या आवडीचा द्रावक भोवती जास्त गोळा करतो, आणि ते सरासरी माध्यमाला सांगता येत नाही. थंडीत बाटलीच्या तळाशी पोटॅशियम बायटार्ट्रेटचे खडे बसतात, त्याचा अंदाज तर या वाटेनं काढूच नका. त्यात घन स्फटिकाची ऊर्जाही येते.

पाचवी पायरी: पाण्याचे खरे रेणू, मोजून

आता पायरीवरच्या माणसाकडे वळू. रेणूवर भार एका लहान जागी गोळा झाला असेल, किंवा पाणी स्वतः अभिक्रियेत भाग घेत असेल, तर पाण्याचे काही रेणू प्रत्यक्ष ठेवायचे आणि त्या सगळ्या गटाभोवती सीपीसीएम किंवा एसएमडी लावायचं. दोन्ही एकत्र. हीच पद्धत मी सर्वांत जास्त वापरतो.

किती ठेवायचे? कार्बोक्झिलेटला दोन-तीनपासून सुरुवात करा, अमोनियमला त्याच्या प्रत्येक हायड्रोजनमागे एक. मग एक वाढवा आणि तुम्हाला हवी असलेली ऊर्जा किती हलते ते पाहा. हलणं एका किलोकॅलरीच्या आत आलं की थांबा. कुठं ठेवायचे, हे हातानं ठरवायला गेलात तर तुमच्या मनातली रचनाच बाहेर येते. क्रेस्टमध्ये एकेक द्रावक रेणू आपोआप वाढवत नेण्याची सोय आहे, ती वापरा. वेगवेगळ्या मांडण्या घ्या. अभिक्रियेच्या सुरुवातीला आणि शेवटी पाण्याचे रेणू सारखेच असले पाहिजेत, आणि शक्य तितके सारख्याच जागी. कुठल्यातरी कोपऱ्यातल्या पाण्यानं एका टोकाला एक जादा हायड्रोजन बंध केला तर तुमच्या आकड्यात पाच किलोकॅलरी कुठून आल्या हे शोधत बसाल.

पाणी स्वतः प्रोटॉन इकडून तिकडे नेत असेल तर मात्र हा प्रश्न पसंतीचा उरत नाही. २-हायड्रॉक्सिपिरिडिन आणि २-पिरिडोन यांचं उदाहरण घ्या. रेणू तोच, प्रोटॉन ऑक्सिजनवर की नायट्रोजनवर एवढाच फरक. वायुरूपात पहिलं थोडं वरचढ, पाण्यात दुसरं जवळजवळ हजारास एक या प्रमाणात. कुठलं रूप किती, हे एसएमडी बऱ्यापैकी सांगेल. पण एकातून दुसऱ्यात जाण्याचा अडथळा काढायचा असेल तर मध्ये प्रोटॉन झेलून पुढे देणारा पाण्याचा रेणू हवाच. त्याच्याशिवाय काढलेला अडथळा फार उंच येतो.

सहावी पायरी: मुक्त ऊर्जा आणि पीकेए

इथं चुका दिसत नाहीत आणि महाग पडतात, म्हणून जरा रेंगाळतो.

प्रोग्राम वायूची मुक्त ऊर्जा १ वातावरण दाबाला देतो. द्रावणात आपण १ मोलर धरतो. २९८ केल्विनला १ वातावरणातला एक मोल वायू २४.५ लिटर जागा घेतो. त्याला एका लिटरमध्ये आणायची किंमत १.८९ किलोकॅलरी. रेणूंची संख्या दोन्ही बाजूंना सारखी असेल तर ती आपोआप कटते. दोन रेणू जुळून एक होत असेल तर द्रावणातली अभिक्रिया मुक्त ऊर्जा १.८९ नं खाली येते. ही दुरुस्ती विसरलात तर समतोल स्थिरांक चोवीस पटींनी चुकतो.

आता भिंतीवरचा आकडा. पीकेएमध्ये, म्हणजे आम्लाच्या तीव्रतेच्या मापात, एक एककाचा फरक म्हणजे १.३६ किलोकॅलरी. आयनांसाठी एसएमडीची चूक सुमारे ४. म्हणजे आम्ल, त्याचा ऋणायन आणि सुटा प्रोटॉन असं सरळ गणित मांडलं तर पीकेए तीन एककांनीही हुकू शकतो. माझ्या पहिल्या पीकेएच्या प्रयत्नात असंच झालं होतं. मी दोन आठवडे फंक्शनल बदलत राहिलो, बेसिस सेट वाढवत राहिलो, आणि चूक जागच्या जागी राहिली, कारण ती तिथं नव्हतीच.

उपाय असा: सुटा प्रोटॉन गणितातून काढून टाका. माहीत असलेल्या, जवळच्या नात्यातल्या आम्लाशी देवाणघेवाण मांडा. टार्टारिक आम्ल अ‍ॅसिटेटला प्रोटॉन देतं, त्यातून टार्ट्रेटचा एकभारी आयन आणि अ‍ॅसिटिक आम्ल मिळतं. दोन्ही बाजूंना एक कार्बोक्झिलेट आहे, त्यामुळे दोन्हीकडची चूक बरीचशी सारखी आणि वजाबाकीत निघून जाणारी. अ‍ॅसिटिक आम्लाचा पीकेए ४.७६ माहीत आहे. आलेली मुक्त ऊर्जा १.३६ नं भागून त्यात मिळवा. टार्टारिकचा पहिला पीकेए सुमारे ३ यायला हवा. ऋणायनांसाठी बेसिस सेटमध्ये डिफ्यूज फंक्शनं असलीच पाहिजेत, नाहीतर जादा इलेक्ट्रॉनला पसरायला जागा मिळत नाही. ओर्कात त्यासाठी एमए-डेफ२-टीझेडव्हीपी घ्या.

सराव म्हणून अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोन करा. त्याचं इनॉल रूप (कार्बनवरचा प्रोटॉन ऑक्सिजनवर गेलेलं) हेक्झेनमध्ये सुमारे ९२ टक्के असतं, पाण्यात सुमारे १५. इतका मोठा पालट, पण ऊर्जेत मोजलं तर जेमतेम अडीच किलोकॅलरी. इनॉलचा आतला हायड्रोजन बंध हेक्झेनमध्ये सुरक्षित, पाण्यात त्याला स्पर्धक. तुमच्या गणितात निदान दिशा बरोबर येते का, ते बघा. आली तर पुढे जा.

याच्या पुढचं थोडक्यात

रेणू मोठा असेल, प्रथिनासारखा, किंवा द्रावकाची हालचालच महत्त्वाची असेल तर रेणूगतिकीकडे, म्हणजे रेणूंची हालचाल क्षणाक्षणानं काढण्याकडे, जावं लागतं. तिथं पाण्याची पेटी भरतात. तीन नॅनोमीटर बाजूच्या घनात पाण्याचे सुमारे ९०० रेणू मावतात, आणि टीआयपी३पी हे १९८३ मधलं पाण्याचं मॉडेल अजूनही सर्रास चालतं. ग्रोमॅक्स मुक्त आहे. मधला भाग क्वांटमनं आणि बाकीचं पाणी शास्त्रीय यांत्रिकीनं, अशी मिश्र पद्धतही आहे. मार्टिन कारप्लस, मायकल लेव्हिट आणि एरीह वॉर्शेल यांना २०१३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशा बहुस्तरीय मॉडेलांसाठी. पहिल्या सहा महिन्यांत तिकडे जाऊ नका, एवढंच सांगेन.

वर्णपटासाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रकाश शोषला जातो त्या क्षणात पाण्याचे रेणू वळू शकत नाहीत, फक्त त्यांचे इलेक्ट्रॉन हलतात. म्हणून उत्तेजित अवस्थेसाठी ७८.४ ऐवजी अपवर्तनांकाचा वर्ग, पाण्यासाठी सुमारे १.७८, लागू होतो. टीडीडीएफटीत, म्हणजे उत्तेजित अवस्थांच्या डीएफटीत, प्रोग्राम बहुधा हे स्वतःच करतो, पण करतोय का ते आउटपुटमध्ये तपासा. द्रावकानं रंग किती बदलतो याची कल्पना हवी असेल तर राइशार्ट यांचा बीटेन रंग पाहा: डायफिनाइल ईथरमध्ये त्याचं शोषण ८१० नॅनोमीटरला, पाण्यात ४५३ ला.

वहीत काय लिहायचं

प्रत्येक आकड्याशेजारी या गोष्टी लिहा: प्रोग्राम आणि त्याची आवृत्ती, द्रावक मॉडेल, द्रावकाचं नाव, भूमिती कुठल्या माध्यमात काढली, किती कॉन्फॉर्मर पाहिले, पाण्याचे खरे रेणू किती आणि कुठं, प्रमाण अवस्था कुठली (१ वातावरण की १ मोलर). "पीसीएम वापरलं" एवढं लिहून भागत नाही. दोन प्रोग्रामांत अणूंच्या त्रिज्या आणि पोकळी कोरण्याची रीत वेगळी असते, त्यामुळे एकाच नावाखाली आकडे वेगळे येतात. एका प्रोग्राममधली निर्वाताची ऊर्जा आणि दुसऱ्यातली पाण्याची ऊर्जा एकमेकांतून कधीही वजा करू नका.

त्या मुलीनं ग्लायसीनची दोन्ही गणितं त्याच दिवशी पुरी केली. नंतर दोन टोकांना मिळून पाण्याचे चार रेणू ठेवून तिसरंही लावलं. तिच्या वहीत आता तीन रकाने आहेत: निर्वात, माध्यम, माध्यम आणि चार पाणी. प्रत्येकात नायट्रोजन-हायड्रोजन अंतर लिहिलेलं आहे, आणि पहिल्या रकान्यात त्या जागी "बंध उरला नाही" असं.